अकरा व्हेरी

या आठवणींच्या वह्या माझी नात संगणकावर उतरवून घेते. तिला मराठी कळतं, बोलताना मात्र दर दुसऱ्या वाक्याला हिंदीत घसरते. त्यावरून तिला टोकणं मी सोडून दिलं आहे. परवा ती मध्येच थांबून म्हणाली, "आजी, एक बात पूछूँ? इतकी पानं झाली, पण तुझ्या लिहिण्यात कुठं 'खूप' नाही, 'फार' नाही, 'अतिशय' तर नाहीच. काहून?" मी म्हटलं, "सवय ग. पोरींना इंग्रजी शिकवण्यात जन्म गेला." तेवढ्यावर तिचं समाधान झालं आणि ती पुढं टाइप करू लागली. उत्तर खोटं नव्हतं, पण पुरतंही नव्हतं. पुरतं उत्तर द्यायचं तर जबलपुरातल्या ओमती मोहल्ल्यातल्या घरापर्यंत मागं जावं लागतं, आणि तिथं जायला मी आजवर टाळाटाळ केली आहे.

ओमतीला आमचं भाड्याचं घर होतं, दोन खोल्या आणि गल्लीकडे तोंड केलेली ओसरी. सकाळी कारखान्याचा भोंगा वाजला की आई चुलीवर आधण ठेवी. ठाण्यावर दहाचे टोले पडले की बाबा टोपी घालून कचेरीला निघत. मधल्या वेळात टांग्यांची खडखड, गोहलपुराकडून येणाऱ्या हातगाड्या, आणि समोरच्या हलवायाच्या कढईत पडणाऱ्या जिलबीचा चर्र आवाज. आई विदर्भातली. पातोड्यांची रस्साभाजी ती अशी करायची की शेजारपाजारी वाट्या घेऊन येत; पण जबलपुरात राहून ती गाकर-भरीतही शिकली होती, आणि थंडीच्या दिवसांत अंगणात गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेले ते कणकेचे गाकर तूप लावून खाताना बाबा म्हणायचे, "या एका गोष्टीसाठी हा मुलूख सोडवत नाही बघ." तेव्हा आमचा मुलूख मध्यप्रांत होता, आणि कचेरीची भाषा इंग्रजी.

बाबा अर्जनवीस होते. कचेरीच्या आवारात चिंचेखाली त्यांचं ठेंगणं मेज असे, त्यावर दौत, टाक, टीपकागद आणि अंगठ्याच्या शाईचा डबा. गावोगावची माणसं येत, आपलं रडगाणं हिंदीत सांगत, आणि बाबा त्याचा इंग्रजी अर्ज करत. अर्ज झाला की तो पक्षकाराला पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि मगच अंगठा घ्यायचा, हा बाबांचा नेम होता. ऐकणाऱ्याला इंग्रजीचं ओ की ठो कळत नसे. तरी वाचायचा. "त्याच्या नावानं जे बोलून राहिलो, ते त्याच्या कानावरून जायला पाहिजे," असं ते म्हणत. आणि ऐकणाऱ्यांनीही आपल्यापुरती एक परीक्षा शोधून काढली होती. इंग्रजीतला एक शब्द सगळ्यांना ठाऊक झाला होता, 'व्हेरी'. तो जितक्या वेळा येईल तितका अर्ज जोरदार. बाबा वाचू लागले की माणसं डोळे मिटून बोटं मुडपत बसत, आणि शेवटी म्हणत, "सात भए, बाबूजी. दो-ठौ और डार दो." बाबा हसून दोन घालत. पलीकडच्या मेजावरचा मुन्शी एका अर्जात वीस घालतो अशी त्याची ख्याती होती, आणि धंदा म्हटला की चढाओढ आलीच.

बाबांना मात्र त्यात नुसती चढाओढ दिसत नसे. त्यांचं म्हणणं असं की साहेबापुढं रक्तबिक्त, उपासमार, फाटकं लुगडं असलं काही मांडायचं नाही. त्यानं अदब राहत नाही. 'व्हेरी पुअर' म्हटलं की साहेब काय ते समजतो. म्हणून त्यांच्या अर्जात तपशील नसे. तपशिलाच्या जागी व्हेरी असे.

मी तेरा-चौदा वर्षांची असताना बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. आधी ते टाक दौतीच्या बाहेर बुडवू लागले, मग ताटातल्या भाजीकडे बोट करून "हे काय आहे ग?" असं विचारू लागले. डोळे गेलेल्या अर्जनवीसाकडे कोण येणार? तेव्हा झाकली मूठ सव्वा लाखाची, असं घरातल्या घरात ठरलं. बाबा दिवसभर चिंचेखाली बसून लोकांचं ऐकून घेत, कोरे कागद घरी आणत, आणि दिवेलागणीला मला मजकूर सांगत. माझं अक्षर बरं होतं आणि मी मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पक्षकार घरी आला की बाबा कागद डोळ्यांसमोर धरत आणि आदल्या संध्याकाळी सांगितलेला मजकूर पाठ म्हणत. त्यांची स्मरणशक्ती अशी की स्वल्पविरामाला थांबत, पान संपतं तिथं बरोबर कागद उलटत. ते वाचत नाहीत हे आई आणि मी सोडून कुणाला कळलं नाही. आई त्या वेळी ओसरीच्या दाराशी तांदूळ निवडत बसे आणि कागद उलटा धरला गेला तर खाकरे.

त्याच वर्षी शाळेत आम्हांला इंग्रजीला मिस सॅम्युअल आल्या. पांढरी साडी, कोपरापर्यंत बाह्या, आणि हातात लाल पेन्सिल. मी 'आमची गाय' या विषयावर निबंध लिहून नेला होता, बाबांच्या वळणाचा. गाय व्हेरी गुड, तिचे डोळे व्हेरी मोठे, तिचं दूध व्हेरी पांढरं. मिसनी तो वर्गापुढं वाचला आणि प्रत्येक व्हेरीला टेबलावर पेन्सिल आपटली. अठरा वेळा. मुली पोट धरून हसल्या. मग मिस म्हणाल्या, "दूध पांढरं असतं. तुमच्या गायीचं इतरांपेक्षा पांढरं असतं का? नसेल तर ही गवळ्याची जाहिरात झाली. जे आहे ते आहे म्हणून लिहावं. त्याच्यावर ओझं लादलं की ते वाकतं." वही परत आली तेव्हा लाल रेघांनी ती रक्ताळलेली दिसत होती.

मी तापट होते. आजही आहे. त्या दिवशी मला राग यायला हवा होता मिसचा, आला बाबांचा. घरी येऊन मी ताटावरून उठले. आई म्हणाली, "काहून जेवून नाही राहिली तू? पोटात दुखून राहिलं का?" मी म्हटलं, भूक नाही. नव्या मुसलमानाला कांद्याची हौस म्हणतात तशी माझी गत झाली होती. महिन्याभरात मी मिसची लाडकी विद्यार्थिनी झाले, आणि दर संध्याकाळी बाबांच्या तोंडून 'व्हेरी' आला की माझ्या अंगावर काटा येई. मग मी एक दिवस एक गाळला. दुसऱ्या दिवशी बाबांनी तो अर्ज पाठ म्हटला, त्यात तो व्हेरी होता, कागदावर नव्हता, आणि आभाळ काही कोसळलं नाही. मग दोन गाळले. मग पाच. अर्ज मंजूर व्हायचे ते होत, फेटाळले जायचे ते फेटाळले जात. मला वाटू लागलं की मी बाबांचं इंग्रजी गुपचूप सुधारते आहे, एक दिवस कळलं तर तेही शाबासकी देतील.

त्या कार्तिकात फुलमती आली. सिहोऱ्याजवळच्या एका खेड्यातली, तळ्यात शिंगाडे लावणाऱ्यांच्यातली. हातांच्या भेगांत तळ्याचा काळा चिखल कायमचा बसलेला. तळ्याच्या वाटणीवरून मारामारी झाली होती आणि तिचा नवरा जबलपूरच्या तुरुंगात दोन वर्षांची सजा भोगत होता. आता तो आजारी होता, आणि उरलेली सजा माफ करून त्याला घरी सोडावं असा अर्ज तिला करायचा होता. रविवार होता, म्हणून ती कचेरीऐवजी घर शोधत आली. पदरात उकडलेले शिंगाडे बांधून आणले होते, ते तिनं ओसरीच्या कडेला ठेवले. "मरना तो है, बाबूजी," ती म्हणाली, "हमें पता है. बस, अपनी खाट पे मरें. उत्तेई चाहिए." ती रडली नाही. बाबांनी दोनतीन गोष्टी विचारल्या आणि म्हणाले, "कल आना, दीदी."

दुपारी ते मला न घेता, काठी टेकत बाहेर पडले आणि चार वाजता आले. कुठं गेले होते ते सांगितलं नाही. संध्याकाळी मजकूर सांगताना ते नेहमीपेक्षा हळू बोलत होते. पक्षकारीण व्हेरी गरीब आहे, मुलं व्हेरी लहान आहेत, नवरा व्हेरी इल आहे, कुटुंब व्हेरी दुःखात आहे, पक्षकारीण व्हेरी नम्रपणे विनंती करते. मी लिहीत गेले. आदल्याच दिवशी मिसनी माझा निबंध वर्गात नमुना म्हणून वाचला होता आणि मी हवेत होते. मी एकही व्हेरी कागदावर येऊ दिला नाही. पक्षकारीण गरीब आहे. मुलं लहान आहेत. नवरा आजारी आहे. स्वच्छ, सडसडीत. मला ते पान सुंदर वाटलं होतं, हे मी लपवून काय करू?

सकाळी फुलमती आली. बाबांनी कागद समोर धरला आणि म्हणू लागले. तिनं डोळे मिटले आणि बोटं मुडपायला सुरुवात केली. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. एका हाताची बोटं संपली, दुसऱ्या हाताची संपली, आणि अकराव्यासाठी तिनं पुन्हा पहिल्या हाताचा अंगठा मुडपला. मग डोळे उघडून म्हणाली, "ग्यारा. भौत हैं, बाबूजी. अब तो सरकार सुनेगी." त्याच अंगठ्याला बाबांनी शाई लावली. कागदावर एकही नाही हे त्या ओसरीवर मला एकटीला ठाऊक होतं. पण तोंड उघडलं असतं तर बाबा वाचत नाहीत हे उघडं पडलं असतं. आणि खरं सांगायचं तर तोंड न उघडायला मला ते कारण बरं सापडलं. फुलमती तो कागद पदरात गुंडाळून, डोक्यावर देवाचा टाक असावा तशी जपून, पायऱ्या उतरून गेली.

उत्तर यायला तीन आठवडे लागले. ती घेऊन आली तेव्हा बाबा पूजेत होते. लिफाफा मी फोडला आणि इंग्रजी आधी मनात वाचलं. कैदी आजारी असल्यास तुरुंगाच्या दवाखान्यात त्यावर उपचार होतात; अर्जात त्याहून वेगळं कारण दिसत नाही; सबब नामंजूर. बाबा सोवळ्यानंच बाहेर आले. मी वाचून दाखवलं. फुलमती आमच्या तोंडांकडे पाहून समजली आणि खांबाला टेकून खाली बसली. बाबा म्हणाले, "वेगळं कारण दिसत नाही? काहून दिसत नाही?" मग जरा थांबून, "आपली नक्कल काढ बरं, सिंधू. वाच."

प्रत्येक अर्जाची एक नक्कल मी कपाटात ठेवत असे. ती काढून आणताना माझ्या मनात आलं की बाबा पाठ म्हणतात तसंच करावं. कागद समोर धरावा आणि अकराच्या अकरा व्हेरी घालून वाचावं. त्यांना कळायचा मार्गच नव्हता. मी वाचायला सुरुवात केली, पहिला घातला, दुसरा घातला, आणि नवऱ्याच्या आजाराच्या ओळीवर आले. ती ओळ मी जशी होती तशी वाचली. बाबांनी मान वळवली. "पुन्हा वाच." पुन्हा वाचली. "बाकीचे पण नाहीत?" ते मराठीत म्हणाले. मी म्हटलं, "नाहीत, बाबा. एकही नाही."

माझ्यावर हात उगारला असता तर मला बरं वाटलं असतं. ते हळूच खाली बसले. "बाकीचे काढले ते चाललं असतं ग," ते म्हणाले. "ते मी लोकांच्या कानासाठी घालत होतो. पण त्या रविवारी मी जेलच्या फाटकावर गेलो होतो. दिसलं तर काही नाही मला. जाळीपलीकडून त्याचा खोकला ऐकून आलो. खोकून राहिला, खोकून राहिला, आणि मग त्याला श्वासच घेता येईना. तो एक खरा होता, पोरी." आणि मग, जणू स्वतःलाच: "पण तुला तरी कसं कळावं? सगळ्यांना एकच कपडा घातला मी."

आजवर मी या वाक्याभोवती फिरते आहे. शब्द झिजवला बाबांनी, कापला मी. आपलेच दात, आपलेच ओठ. खऱ्याखोट्याची निवड करायला त्या माणसाचा खोकला ऐकावा लागला असता, आणि मी तर त्याचं नावही नीट लक्षात ठेवलं नव्हतं.

बाबांनी फुलमतीला जवळ बोलावलं. आई दारातून "अहो" म्हणाली, तिला कळलं होतं ते काय करणार ते. त्यांनी हातानं तिला थांबवलं. "दीदी," ते म्हणाले, "अर्जी में कमी रह गई. कसूर मेरा है. मुझे अब दिखता नहीं. कागद मैंने जाँचा नहीं." फुलमतीनं त्यांच्या डोळ्यांकडे नीट पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच, आणि म्हणाली, "हओ बाबूजी, जाला पड़ गओ." त्यात राग नव्हता. माझं नाव बाबांनी घेतलं नाही, आणि मीही पुढं होऊन सांगितलं नाही. पण आमच्या ओसरीवर उघडी पडलेली गोष्ट गल्लीत जायला एक दिवस लागला आणि कचेरीत पोचायला दोन. महिन्याभरात बाबांचं ठेंगणं मेज चिंचेखालून उठून घरी आलं, आणि पुढं मामाच्या आधारानं आमचं घर चाललं. आईनं त्याबद्दल मला कधी एका शब्दानं बोल लावला नाही. मेज पुसताना मात्र माझ्याकडे बघत नसे.

दुसरा अर्ज त्याच सकाळी लिहिला. बाबा म्हणाले, "तू विचार तिला. तू लिही." मी फुलमतीसमोर बसले आणि विचारत गेले. तो काय खातो, उठून बसतो का, खोकल्यातून रक्त किती पडतं, तुरुंगातल्या कंपाउंडरनं काय सांगितलं. ती सांगत गेली आणि मी अदब न ठेवता सगळं लिहिलं. फक्त एका जागी, त्याच्या आजाराच्या ओळीत, 'व्हेरी' घातला. या वेळी मी स्वतः वाचून दाखवलं, कागदावर होतं तेवढंच. फुलमतीनं एक बोट मुडपलं आणि पुढच्याची वाट पाहत राहिली. पुढचा आला नाही. मग तिनं अंगठा पुढं केला.

सातव्या दिवशी त्याला सोडलं.

मग पौषात, तेराव्यानंतर, ती आली. बाबा आतल्या खोलीत बाजेवर होते. मी ओसरीवर अभ्यास करत होते. तिनं टोपलीतून शिंगाडे काढून आईच्या परातीत ओतले आणि माझ्याशेजारी बसली. "चार दिन रहे घर में," ती म्हणाली. "अपनी खाट पे. छोटी के हाथ से पानी पिओ. तला देखन की कहत रहे, सो खाट उठाके ले गए, दिखा लाए." मी मान हलवली. मग तिनं मला एक प्रश्न विचारला. आरोप म्हणून नव्हे, तिला खरंच समजून घ्यायचं होतं. "बिटिया, जे बताओ. तुमाई बारी में तो एकई वेरी हतो. एक में सरकार मान गई. और पैली में ग्यारा हते, हमने गिने हते. फिर काय नईं मानी?"

आत बाबांची बाज करकरली. ते उठून बसले असावेत. पुन्हा एकदा सगळं त्यांच्यावर सोपवून गप्प राहता आलं असतं. ते आतून काहीतरी बोललेही असते. मी म्हटलं, "पहली में एक भी नहीं था, काकी. बाबा ने बोले थे. मैंने लिखे नहीं. मुझे अच्छे नहीं लगते थे."

तिनं हात पुढं धरला आणि तीन बोटं, एकेक करून, मुडपली. "तीन हप्ता," ती म्हणाली. "तीन हप्ता और मिल जाते." एवढंच. पदर सावरून उठली, रिकामी टोपली काखेला मारली आणि गेली. पुन्हा आली नाही.

पुढं मी इंग्रजी शिकवलं, हजारो वह्या तपासल्या. व्हेरी दिसला की लाल पेन्सिल उचलायचे, पण कापण्याआधी मुलीला जवळ बोलावून विचारायचे, "खरंच का ग? तू बघितलंस?" मुलींना ती माझी लहर वाटे. ज्या हो म्हणत त्यांचा मी राहू देत असे.

नातीला आता बजावून ठेवलं आहे की खालची ओळ वहीत आहे तशीच उतरव, एक अक्षर गाळू नकोस. त्या सकाळी अकरा मोजून फुलमती पायऱ्या उतरून गेली तेव्हा मला फार वाईट वाटलं.